तेरावा महिना

टायपिंग सेंटरमधल्या बीरानने विचारलं, गाडी कुणाची?
मी म्हटलं, आमची.
त्याने कीबोर्डवरची बोटं उचलली.
दीदी, 'आमची' असा रकाना नाही.

शारजात ती दिगंबरच्या नावावर होती.
एप्रिलात कंपनीने त्याचा हिशेब चुकता केला
आणि तो पुण्याला गेला, भावाकडे, तात्पुरता.
जाताना वकीलपत्र करून दिलं: विकून टाक,
निसान सनी आहे, हातोहात जाईल.
मी विकली नाही.
सिमेंटच्या कारखान्यात नोकरी धरली, इथे, रास अल खैमात,
आणि मागच्या सीटवर कुकर, गादी, मिक्सर घालून
डोंगर दिसेपर्यंत चालवत आले.
लायसन्स पाचव्या खेपेला मिळालेलं,
अजून वर्षाचंही नाही.

मुल्किया म्हणतात इथे त्या कार्डाला.
मालकी, मुलूख, मिळकत:
एकाच घरातल्या जावा असाव्यात तसे हे शब्द,
एकमेकींची पातळं नेसून उभे.

तपासणीच्या रांगेत चव्वेचाळीस अंश.
कंदुरा गुडघ्यापर्यंत वर धरून वाकलेला कोवळा पोरगा,
टायरवर बोट ठेवून म्हणाला, नापास.
मी म्हटलं, नक्षी बघा, नखभर खोल आहे अजून.
त्याने नक्षी पाहिलीच नाही. चार आकडे दाखवले,
रबरात कोरलेले: तेवीस, अठरा.
दोन हजार अठराचा तेविसावा आठवडा.
इथे झिजायची वाट बघत नाहीत.
उन्हात नुसतं उभं राहूनही वय होतं.

काय केलं होतं आम्ही त्या आठवड्यात?
रोल्यातलं घर? की त्याची कावीळ?
आठवेना. टायरला आठवत होतं.

गुल जमानने चारही बदलले, सातशे ऐंशी दिरहम,
वर दोन पेले चहा.
जुने ढिगावर फेकताना म्हणाला,
आमच्या गावी हे अजून दहा वर्षं पळाले असते.
आमच्याही, मी म्हटलं.
आणि दोघंही थोडा वेळ त्या ढिगाकडे बघत राहिलो,
जणू माहेरचं कुणी गाडीत बसवून दिलंय.

मग विमा. काउंटरवर रोवेना, गळ्यात क्रूस, भुवया कोरलेल्या.
चालक नवीन, म्हणून हप्ता जास्त.
गाडी जुनी, म्हणून भरपाई कमी.
दोन्ही वाक्यं ती एकाच सुरात बोलली,
आणि मग, काहीतरी गोडही द्यावं म्हणून असेल,
पॉलिसी तेरा महिन्यांची आहे, मॅडम.
मुल्किया बारा, विमा तेरा.

मला हसू फुटलं.
तिला कसं सांगू, आमच्या आटपाडीत
तेरावा महिना दुष्काळातच येतो.
आणि तोच अधिकात आला की
जावयाला तेहतीस अनारसे, चांदीचं ताट.
एकाच महिन्याच्या दोन तऱ्हा.
यातली कुठली लिहून देतेस, बाई?

मालकाची सही, तिने फुली मारलेल्या जागी.
मी मराठीत केली, सवयीने,
वर रेघ ओढून.
छान डिझाइन आहे, ती म्हणाली.

शारजाची पाटी काढली तेव्हा
तिच्याखालचा पत्रा नव्यासारखा निघाला,
सात वर्षं ऊन न बघितलेला.
पाटी ठेवून घेऊ का, विचारलं.
नाही, जमा करावी लागते.
नव्या पाटीचे स्क्रू आवळताना मीच धरली होती,
वाकडी बसू नये म्हणून.

रात्री दिगंबरचा फोन.
किती आले?
दोन हजारांवर गेले, मी म्हटलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
भावाच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता.
मग म्हणाला, रिव्हर्स घेताना डावा आरसा बघतेस ना,
त्या बाजूने कळत नाही.

बघते.
बारा महिन्यांचं सगळं कागदावर आहे.
तो एक उरलाय,
कुणाच्याच हिशेबात नसलेला,
डॅशबोर्डच्या खणात, पॉलिसीत घडी घालून.