आटा

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात
एक चौकट मोकळी होती.
बोल्ट एम-आठ, संख्या सहा, टॉर्क :
आणि पुढे नुसती आडवी रेघ.
त्या रेघेवर काय लिहायचं, हे विचारत
मी शिरोलीच्या शेडमध्ये तीन दिवस हिंडले.

बाबालाल शिकलगार म्हणाले,
"मनगटाला कळतंय की. आकडा कशाला पायजे?"
आणि पंपाचं झाकण बसवून दाखवलं.
कोपर अंगाला चिकटलेलं, पान्हा अर्ध्यात धरलेला,
शेवटचा पाव फेरा असा,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून
हात काढून घ्यावा तसा.

मनगट ड्रॉइंगवर लिहिता येत नाही.

रात्रपाळीला इंद्रजित असतो.
पहाटे तालीम, पाचशे जोर, अंगाला अजून मातीचा वास.
परवा त्यानं सहातले दोन आटे उपसले.
बोल्टला गुंडाळून बाहेर आलेली
चकचकीत स्प्रिंग माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,
"घट्ट हुतं हुतं, मॅडम, आणि एकदम हलकं वाटलं."
हलकं वाटतं तेव्हा संपलेलं असतं.
पोलाद कुरकुरतं, हाताला उलट बोलतं.
ॲल्युमिनियम ऐकून घेतं,
ऐकून घेतं,
आणि मग काहीच धरत नाही.

तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात.
सोमवारी शेड बंद असताना
आम्ही सहा तुकडे तुटेपर्यंतच ताणले.
चौतीसला गेला. छत्तीसला. तेहतीस. पस्तीस.
पाचवा एकोणतीसला.
सहावा परत पस्तीस.
पाचवा करवतीनं कापला, तर
आट्याच्या पाठीमागे ओतकामातला बुडबुडा,
मोहरीएवढा.
क्वालिटीचे नेर्लेकर म्हणाले, "हा धरू नका. अपवाद आहे."
पण इथून महिन्याला चार हजार झाकणं जातात
आणि कुठल्या भोकामागे मोहरी बसलीय
ते फाउंड्रीलाही ठाऊक नाही.
मी एकोणतीसच धरला.

चौदाच्या खाली गॅस्केट पाझरतं.
म्हणजे चौदा ते एकोणतीस, एवढंच अंगण.
मी सतरावर उभी राहिले.
शेजारी बारीक अक्षरात :
आटे कोरडे ठेवावेत, तेल लावू नये.
तेलकट बोल्ट रेंचला सतरा सांगतो
आणि आत जास्तच ओढत राहतो.

बाबालालनी चष्मा पुसला, चौकट वाचली,
काही न बोलता साध्या पान्ह्यानं
सहा बोल्ट आवळले. "तपासा."
सतरा. सतरा. सोळा. अठरा. सतरा.
शेवटचा बावीस.
ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले.
"डब्याची वेळ झाली," म्हणाले.
आणि मग, जरा थांबून, "असूं दे. लिव्हलंय ते बरं केलंसा."

रात्री साडेदहाला मी मुद्दाम थांबले.
इंद्रजितनं रेंच लावला, खांद्यातून जोर आणला.
टक्.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. "एवढंच?"
एवढंच.
त्याचा हात अजून पुढे जाऊ शकत होता.
तिथंच थांबला.