पाच सामन्यांनंतरचा शेरा

सचिवांनी कागद पाठवला आहे.
वर क्लबचं नाव, खाली एक रिकामी ओळ :
'हंगामाच्या सुरुवातीचं मूल्यमापन. थोडक्यात.'

थोडक्यात म्हणजे
दोन जिंकलो, तीन हरलो.
अमरावतीशी एका धावेनं, चंद्रपूरशी अकरा धावांनी,
आणि वर्ध्याशी कसे हरलो
ते वर्धेकरांनाही अजून सांगता येत नाही.

तेवीस वर्षं मी कळमन्याच्या मार्केटात काटा सांभाळला.
संत्र्याच्या ढिगावर वरची फळं चांगली असतात,
किंवा चांगली ठेवलेली असतात.
जुने अडते कोपरापर्यंत हात आत घालायचे,
मग तोंड उघडायचे.
माझा हात अजून मनगटापर्यंतही गेलेला नाही.

तरी लिहितो.

रुचिता वासनिक, पिचर.
स्ट्राइकआउट एकतीस. फुकट वाटलेले बेस बावीस.
दोन्ही आकडे एकाच हाताचे, हे समितीला पटत नाही.
पहिल्या डावात ती भिंतीतली एकच वीट धरून फेकते,
पाचव्या डावात वीट सापडत नाही,
सहाव्यात भिंतच.
पहाटे साडेचारला ती सक्करदऱ्यात घरोघर
दुधाच्या पिशव्या टाकते.
त्यासाठी माझ्या वहीत रकाना नाही.

सायमा, कॅचर. बेस चोरायला निघालेल्या अकरांपैकी
सात जणी तिनं वाटेतच धरल्या.
डाव्या गुडघ्याला पट्टी.
मास्कच्या आडून ती जे बोलते
ते अहवालात घेत नाही.

लीना मडावी, शॉर्टस्टॉप. एरर सहा.
त्यातला एक अजनीच्या मैदानावरचा, दुपारी साडेचारचा,
ऊन बरोबर समोर,
चेंडू वर गेला तो उन्हातच राहिला
आणि उतरला तिच्या पाठीमागं.
मी 'ई' लिहिलं.
"काका, एरर काहून लिवला?
मले त सूर्यच दिसून राह्यला होता."
नियमात सूर्य हा खेळाडू नाही, म्हणालो.
ती गप्प.
पुढच्या सामन्याला टोपीच्या झापडीला
वहीचा पुठ्ठा शिवून आली.

आणि काल, यवतमाळविरुद्ध.
शेवटचा डाव, एक बाद, तिन्ही बेस भरलेले,
आपण एका धावेनं पुढे, रुचिताची वीट हरवलेली.
चेंडू जमीन घासत आला,
खड्याला लागून वळला.
लीनाचा हात त्याच्याआधी वळला होता.
तिच्याकडून प्रांजलीकडे,
प्रांजलीकडून खुशबूकडे,
पळणाऱ्या दोघी दोन ठिकाणी
मातीत उभ्या, सामना संपलेला.
मी लिहिलं : ६-४-३.
कुणाचा तरी अर्धवट राहिलेला फोन नंबर वाटतो
वहीत.

ठवकर मॅडम उठल्या नाहीत.
पाण्याच्या कॅनला टेकून म्हणाल्या,
"आत्ता कुठं हात एकमेकींना ओळखून राहिले."
मग सगळ्या ठेल्यावर.
सायमानं तर्री तीनदा मागून घेतली,
कागद भिजून गळायला लागला तेव्हा
लीनानं झापडीचा पुठ्ठा उसवून
पोह्यांखाली धरला.

पहिले सामने मी पेन्सिलनं लिहितो.
पेन अर्ध्या हंगामानंतर.
अजनीचा तो 'ई' अजून पेन्सिलीत आहे,
खोडरबर शर्टाच्या खिशात.
रात्री दोनदा काढला, दोनदा ठेवला.
एरर होता तो.
आणि सूर्यही होता.

रिकाम्या ओळीत एवढं मावलं :

चेंडू सात उरलेत, दोघांची शिवण गेली आहे.
लांब झापडीच्या टोप्या घ्याव्यात, नऊ.
आणखी एक पिचर हवी,
जी पहाटे झोपलेली असते.
बाकीचं संक्रांतीनंतर विचारा.