बावीस नंबरची फळी

उंबऱ्याच्या आत जायचं नाही, हा आमचा नियम.
वस्तू फुटपाथवर हवी, रात्री नऊनंतर,
आधी फोन करून दिवस ठरवलेला हवा,
सोबत चिठ्ठी नको, बक्षिसी नको, गोष्ट तर मुळीच नको.
तरी गोष्टी असतातच.
पोर्तोत चढ नसलेली गल्ली मला अजून दिसायची आहे,
आणि दर चढावर कुणीतरी सोफा आणून ठेवलेला असतो,
जो मुळात वर कसा गेला
हे त्या घरातल्या कुणालाच आठवत नाही.

गाद्या मी ओळखतो.
खड्ड्यावरून कळतं माणसं दोन होती की एक,
आणि एकच उरलं असेल, तर ते मधे सरकलं
की शेवटपर्यंत आपल्याच कडेला झोपलं.
वाल्देमार म्हणतो, असलं बघत बसू नकोस, पाठ मोडेल.
त्याची पाठ कधीच मोडलीय, एका पियानोखाली.
पियानोचा विषय निघाला की तो नदीकडे बघतो.

त्या गुरुवारी यादीत होतं:
दोना एर्मेलिंडा, चौथा मजला, लिफ्ट नाही.
वस्तू: एक. कपाट, तीन दारांचं.

पोचलो तर कपाट नव्हतंच.
भिंतीला टेकून फळ्या उभ्या,
वर्गाच्या फोटोला पोरं उभी करतात तशा, उंचीनुसार.
बिजागऱ्या बिस्किटांच्या डब्यात,
स्क्रू एका मोज्यात, मोज्याला गाठ,
आणि प्रत्येक फळीवर खडूनं आकडा.

ती पायरीवर बसली होती, ऐंशीच्या पुढची,
हातात स्क्रूड्रायव्हर,
जेवण झाल्यावरही चमचा हातात राहून जावा तसा.
"अकरा दिवस लागले," म्हणाली.
"दिवसाला तीन. गुडघ्यानं ऐकलं तर चार.
आमच्या ह्यांनी ते खोलीतच बांधलं,
बाहेर काढायची वेळच येणार नाही अशा हिशेबानं.
लग्न नवं असलं की माणूस असले हिशेब करतो."

"पण आकडे कशाला?"

"उद्या कुणाला जोडायचं झालं तर."

वाल्देमारनं माझ्याकडे पाहिलं, मी ट्रककडे.
ट्रकच्या जबड्याला आकडे वाचता येत नाहीत.
अख्खा पलंग तो चाळीस सेकंदांत चावून टाकतो,
मी मोजलेत.
हे तिला सांगायला हवं होतं.
नाही सांगितलं.
सांगावं असं नियमात कुठं लिहिलेलंही नाही.

एरवी हाताला येईल ते उचलतो,
त्या रात्री ओळीनं उचलत गेलो.
एक, दोन, तीन. डांबरगोळ्यांचा वास.
नऊवर एक वाकडा हूक.
चौदावर पेन्सिलीनं केलेली कसलीतरी बेरीज,
हातचा एक विसरलेला.
वीस. एकवीस.
तेवीस.

"बावीस कुठाय?"

ती उठली नाही. स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला.
"वर आहे. ती नाही द्यायची."

"काय आहे तिच्यावर?"

"काय असणार? कोरी आहे. मागच्या बाजूची,
भिंतीकडे तोंड करून उभी होती साठ वर्षं.
पण सगळं कपाट टाकलं, असं व्हायला नको."

मग सदतीसपर्यंत कुणी बोललं नाही.
जबडा चालू केला तेव्हा ती आत निघून गेली होती,
की जिन्यात अंधारात उभी होती, ठाऊक नाही.
खडूची थोडी धूळ उडाली, दिव्याखाली दिसली.
डबा टाकला. मोजाही टाकला,
गाठ सुटली नाही, आतल्या आत खळखळला.

नोंदवहीत एक रकाना असतो, उचललेल्या वस्तू.
"एक लिहू?" वाल्देमारनं विचारलं.
"लिही."
तो पेन टेकवून तसाच थांबला.
"पूर्ण?"
"अरे लिही ना."

पुढच्या वळणावर एक फ्रिज आमची वाट बघत होता,
दाराला दोरी बांधून.