तांब्याची कड

तासगावच्या बागेत आबांचे हात
मोरचुदानं निळे;
भाकरी मोडतानाही नखांत निळं.

मी तेच तांबं घेऊन बसले
सांगलीला, कॉलेजच्या तळघरात,
एक्स-रेच्या नळीपाशी. सात वर्षं.
लाइट गेली की फिल्म वाया.
कोळेकर सर म्हणायचे,
घाई नको. कड बघ, कड.

शोषणाची कड सरकते केसभर,
तांबं कुणाशी बांधलंय त्यावर.
नायट्रोजन शेजारी असला तर थोडी,
ऑक्सिजन असला तर जास्त.
एवढाच माझा प्रबंध.

व्हायव्हात विचारलं, याचा उपयोग?

आबा आठवले:
पाव्हण्यांत बसले की
हात पाठीमागे नेणारे,
वेलींत शिरले की
हात आहेत हेच विसरणारे.

मी म्हणाले,
साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी
आकडा लिहून घेतला.