तिसरा खांब

सावळजला माळावर बेदाण्याची शेड.
जाळीच्या अकरा थरांवर हिरवे घड पसरले
की पंधरा दिवस सगळ्यांचं एकच मागणं:
वारा यावा, पाणी जावं.
पाणी गेलं की गोडी, शेठ म्हणतो.

माझ्या माणसाच्या रक्ताला हे सांगू नका.

त्याचं पाणी गेलं की लाल पेशी
वाकतात, एकमेकींत अडकतात,
आणि हा सहा फुटांचा गुमान
क्रेट टाकून, गुडघे पोटाशी घेऊन पडतो
मार्चच्या उन्हात थंडी वाजल्यासारखा.

"रात्री चारदा उठतोय मुतायला,
उशाशी पाणी ठेवूच नगंस,"
मुकादमीण हसली.
मीही दोन रात्री ठेवलं नाही.
हसणाऱ्या बायकांना मी फार घाबरायचे.

मिरजेच्या सिव्हिलला मॅडमनी
लघवीत पट्टी बुडवली.
पिवळी होती, हिरवट झाली.
"फेस येतो का?"
मला वाटलं, साबणाचं विचारतायत.
मग त्यांनी कागदावर घेवड्याचे दोन दाणे काढले.
ही चाळण. हिची भोकं मोठी होतायत.
दुखत नाही, म्हणूनच कळत नाही.
पाणी धरून ठेवणं हिला जमेना,
म्हणून रात्रीचं उठणं. ती खोड नव्हे.
पाणी तोडू नका. वाढवा.

आणि मुकादमाच्या खिशातली गुलाबी गोळी?
एक घेतली की दिवसभर माणूस उभा राहतो.
मॅडम पहिल्यांदाच चिडल्या.
दुखणं झोपवते, म्हणाल्या, आणि चाळण फाडते.

तेव्हापासून शेडच्या तिसऱ्या खांबावर
मी कोळशानं रेघा ओढते.
एक पेला, एक रेघ.
शेठला वाटलं, क्रेट मोजते.
"बारा? आज बाराच?"
बाराच, म्हटलं. सांजच्या दोन बाकी आहेत.

गुमान कुरकुरतो, पोटाची पखाल झाली म्हणतो.
सकाळी मात्र बाभळीमागून ओरडतो,
आज फेस नाही गं!
साऱ्या शेडला ऐकू जातं.
मी मान खाली घालून काड्या निवडते.

एप्रिल सरता सरता धडगावला परत.
तिथल्या डॉक्टरला दाखवायचा कागद
प्लास्टिकात घालून पदराला बांधलाय.
तीन महिन्यांनी पुन्हा लघवी तपासा,
खाली पेनाच्या दोन रेघा.
त्या मी ओढलेल्या नाहीत.

निघताना शेठनं किलोभर बेदाणा दिला.
त्यातला मूठभर रात्री पाण्यात टाकला.
सकाळी फुगले होते.
द्राक्षं नाही झाले परत,
पण फुगले होते.