पंधराच्या वर

डंडीत जूनमध्ये साडेतीनलाच उजाडतं.
नीरद रात्रीपासून उपाशी.
नदीवरच्या रेल्वेपुलाकडे पाठ करून
आम्ही हॉस्पिटलची चढण चढतो.
“आई, नळी परत तेवढीच जाड?”
तेवढीच, म्हणते मी.
चौथी खेप. खोटं बोलण्याजोगं आता काही उरलं नाही.

सुरुवात शाळेच्या डब्यातल्या चिकनच्या तुकड्याने झाली.
छातीत अडकला. बाई म्हणाल्या, घाईने खातो.
घाईने?
घासामागे घोट, घासामागे घोट,
ताटावरून सगळ्यांत शेवटी उठणारा पोरगा,
त्याला आम्ही लाडाने गोगलगाय म्हणायचो.

आपल्याकडे घास घशाखाली उतरत नाही तो दुःखाने.
कुणी गेलं की. लेक सासरी निघाली की.
“अकरा वर्षांच्या पोराला कसलं दुःख गं?”
जाऊबाई फोनवर म्हणाल्या, दृष्ट काढ.
काढली.
मिरच्यांचा धूर झाला आणि स्मोक अलार्म वाजला,
खालची मिसेस गेडिस चपलांशिवाय रस्त्यावर.

डॉक्टर मॅकिननने कागदावर अन्ननलिका काढली:
आतून वळ्या, उभ्या चिरा, पांढरे ठिपके.
इओसिनोफिल. रक्तातल्याच पेशी,
काचेवर गुलाबी रंग पितात म्हणून हे नाव.
एका चौकटीत पंधरा दिसल्या तरी पुरे.
याच्या बासष्ट.

कशामुळे?
कदाचित दूध, म्हणाला. कदाचित गहू.
अंडं, सोया, दाणे, मासे.
बर्चचे परागकणसुद्धा, काहींना.
घरात दमा आहे का कुणाला?
तान्हेपणी अँटिबायोटिक्स? तसं म्हणतात, खात्री नाही.

त्याच्या एकेका कदाचितला
मी मनात तारीख घालत गेले.
दहा महिन्यांचा असताना कान फुटला होता.
गुलाबी औषध, दिवसातून तीनदा,
नाक दाबून मीच पाजलेलं.
दमा ह्यांचा. इसब माझं.
आणि मी सगळं उकळून द्यायचे, बाटल्या, चमचे,
आंघोळीतलं रबरी बदकसुद्धा.

या पेशी मुळात जंतांशी लढायच्या म्हणे.
आम्हाला वर्षातून दोनदा जंतांचं औषध असायचं,
याच्या पोटात कधी एक जंत झाला नाही.
मग पहारेकऱ्यांनी करायचं काय?
पोळीवर धावून गेले.
“इतकं सरळ नसतं ते,” डॉक्टर म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावलं.

फ्रिजच्या दारावर सहा नावं.
मासे आणि दाणे परत आले.
आता आठ आठवडे गहू.
रोज कणीक मळताना मी त्याच्या गळ्याकडे बघते,
तो ते बघतो आणि मुद्दाम मोठा घास घेतो.

दहा दिवसांनी आकडा कळेल.
कुठल्याशा खोलीत कुणीतरी
माझ्या मुलाचा कणभर तुकडा भिंगाखाली धरून
एक, दोन, तीन असं मोजेल,
मध्येच चहाला उठेल.

गुंगीतून डोळे उघडतो.
आवाज खरवडलेला.
“पोळी आणलीस?”
आणली. दोन.
“तूप?”
तूप नाही रे. दुधाला अजून वेळ आहे.