तीन नंबरची पाटी

लुआन्श्याच्या मैदानाला गवत नाही.
गोलपोस्टमागे तांब्याच्या खाणीचा
काळा, उपसलेला डोंगर.
बा कापाम्ब्वे रेषेवर उभे असतात
उजव्या पायावर भार देऊन;
डावा गुडघा बेल्जियमलाच राहिला,
भाडं थकलेल्या खोलीत ट्रंक राहावी तसा.

देशासाठी एकेचाळीस सामने.
बेचाळिसाव्याचं मी कधी विचारलं नाही,
मी जर्सी धुणारा माणूस.

एकदाच बोलले, पाण्याच्या कॅनवर बसून:
त्रेसष्टावं मिनिट. पाटी वर गेली, लाल आकड्यात तीन.
कोचनं हात पुढे केला.
मी त्या हाताकडे पाहिलंच नाही,
सरळ आत गेलो, बूट भिंतीवर हाणले.
पुढच्या यादीत नाव नव्हतं.
त्याच्या पुढच्याही.

आमच्याकडे दिव्यांची पाटी कुठली?
आज खोक्याच्या फळीवर खडूनं तीन काढला, मीच.
चिसेंगा, सतरा वर्षांचा, घामानं निथळत,
फळीकडे बघत थांबला,
जणू आकडा वाचताच येत नाही.
मग आला तरातरा.
बांनी हात पुढे केला.
पोरगा बाजूनं निघून गेला.

हात तसाच राहिला.
जुलैचं कोरडं ठणठणीत आभाळ,
तळवा वर करून बा मला म्हणाले,
"पाऊस येतोय का, बघत होतो."

संध्याकाळी पुढच्या सामन्याची यादी
चिकटवायला दिली त्यांनी.
तीन नंबरसमोर चिसेंगा.
पेन इतकं दाबलेलं
की मागच्या बाजूलाही बोटाला लागत होतं.